मासा कोणत्या परिच्छेदात?

संपादक महोदय,

‘कर्करोगावर इलाज सापडला’ असे ठळक टायपात छापायचे आणि प्रयोग माशांवर झाला होता हे शेवटच्या परिच्छेदात सांगायचे, ही पद्धत आता बदलायला हवी. माशावरचा पुरावा हलका असतो, असे मला सुचवायचे नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढ्यांत आणि भातखाचरांत आढळणाऱ्या चिमुकल्या झेब्रा माशाचे भ्रूण पारदर्शक असते, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी हिरव्या चमकाव्यात अशी जनुकीय योजना केलेल्या भ्रूणात नवी वाहिनी फुटते कशी, पुढे सरकते कशी आणि शेजारच्या वाहिनीला जोडली जाते कशी, हे ते जिवंत असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. कर्करोगाच्या गाठीला दोन-तीन मिलिमीटरपलीकडे वाढण्यासाठी स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, असे अमेरिकी कर्करोग-संशोधक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले होते; त्यामुळे या निरीक्षणांचे कर्करोग-संशोधनात मोल आहे.

पण घाई कशी नडते, हे ईजीएफएल-७ या जनुकाच्या उदाहरणावरून दिसते. भ्रूणात विशिष्ट रेणू टोचून हे जनुक तात्पुरते दडपले की रक्तवाहिन्यांची पोकळ नळी नीट तयार होत नाही, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत दिदिए स्टेनिए यांच्या गटाने जनुकसंपादनाने तेच जनुक कायमचे निकामी केले, तेव्हा माशांत ठळक दोष दिसेना. एमिलिन कुळातील जनुकांनी कामाचा वेग वाढवून ती उणीव भरून काढली होती, हे त्यांनी २०१५ मध्ये दाखवले. म्हणजे पहिला निष्कर्ष खोटा नव्हता, पण अपुरा होता. याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारे प्रतिपिंड मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना प्रचलित औषधांच्या जोडीने देऊन पाहिले गेले, त्यातही जास्तीचा लाभ आढळला नाही. (या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडणे मात्र उतावीळपणाचे ठरेल.)

अशा बातम्यांची कात्रणे घेऊन रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांना गाठतात. म्हणून प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, जनुक तात्पुरते दडपले की संपादनाने बदलले, आणि माणसांवर चाचणी झाली आहे का, एवढे तरी पहिल्या दोन वाक्यांत छापावे, ही विनंती. जागा अपुरी पडत असेल, तर ‘लवकरच औषध बाजारात’ हे शब्द खुशाल गाळावेत.

– एक वाचक, पुणे