आधी नाडी, मग इंजेक्शन: आमच्या डॉक्टरसाहेबांना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या पागांमधून फिरून तुम्ही मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, घोड्याचं पोटाचं दुखणं ओळखायला शिकवलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

घोडा खुरानं जमीन उकरू लागला, मान वळवून कुशीकडे बघू लागला, लोळला, की पोटात शूळ उठला हे जुन्या मोतद्दारांना ठाऊक असतंच. तुम्ही त्याला आकड्यांची जोड दिलीत. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवायचं: शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. ती 60 च्या वर गेली की ‘थोडा वेळ बघू’ म्हणायचं नाही. हिरडी दाबून सोडली की 2 सेकंदांत रंग परतला पाहिजे. हिरडी विटकरी किंवा जांभळट दिसली तर विष रक्तात उतरू लागलंय असं धरायचं. आणि ताप इंजेक्शनाच्या आधीच घ्यायचा, कारण दुखणं दाबणारं इंजेक्शन तापही उतरवतं आणि तुमच्या हाती खरा आकडा येत नाही.

सगळ्यात मोलाची शिकवण आतड्याच्या दाहाची. आतड्याला पीळ पडला तर सुरुवातीला बहुधा ताप नसतो, वेदना मात्र इंजेक्शनालाही दाद देत नाही. ताप 101.5 फॅरनहाइटच्या वर, घोडा कळवळण्यापेक्षा मलूल जास्त, चारा सोडलेला, तर जुलाब लागण्याआधीच दाहाचा संशय घ्यायचा. त्याचं ठाण वेगळं, बादली-फावडं वेगळं. साल्मोनेला हा जंतू असेल तर लिदेतून तो शेजारच्या घोड्यापर्यंत जातो. खुरंही रोज हातानं तपासायची. गरम लागली किंवा खुरामागची नाडी जोरात उडू लागली तर लगेच कळवायचं, कारण या आजारामागून खुरांत सूज येते.

बाटलीनं तेल पाजण्याची सवय तुम्ही मोडलीत, तिचं ऋण वेगळंच. घोड्याला उलटी होत नाही. तुंबलेल्या पोटात आणखी भर पडते आणि ठसका लागला तर तेल फुफ्फुसात जातं. नाकातून नळी घालून पोट मोकळं करणं हे डॉक्टरांचंच काम.

लोळणारा घोडा एकाएकी शांत झाला, पण नाडी चढतेय आणि अंगाला थंड घाम सुटलाय, तर आतडं फुटलेलं असू शकतं. तो निजला म्हणून आता कुणी दिवा मालवून जात नाही.

आपले कृतज्ञ,
पुण्यातले मोतद्दार आणि घोडेमालक