लेखकाच्या रकान्यात अकरा नावं का चालत नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता आणि खाली ओळ होती 'महिलांचा सांस्कृतिक कार्यक्रम उत्साहात'. त्या फोटोत डावीकडून तिसरी मी आहे. फोटो छापलात त्याबद्दल मनापासून आभार, पण तो सांस्कृतिक कार्यक्रम नव्हता, ते नाटक होतं. पाच महिने तालमी करून बसवलेलं सव्वा तासाचं नाटक. आणि उत्साहात म्हणावं असंही काही नव्हतं, शेवटचा लाईट गेल्यावर हॉलमधे बराच वेळ कुणी टाळीच वाजवली नाही, मग मागून कुणीतरी सुरुवात केली. आता नुसत्या फोटोखालच्या ओळीसाठी मी एवढं मोठं पत्र लिहिलं नसतं, पण आमच्या नाटकाला नाटक न म्हणण्याची ही पहिली वेळ नव्हती म्हणून लिहितेय.

आधी नाटक कसं झालं ते सांगते. आम्ही अकरा जणी. सांगली, मिरज आणि आसपासच्या गावातल्या. मी सहकारी बँकेतून रिटायर झालेली, एक अंगणवाडी ताई, एक शिवणकाम करणारी, दोघी बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या, एक नर्स, एक कॉलेजची मुलगी, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या (म्हणजे सगळ्यात जास्त काम करणाऱ्या). आमच्यातल्या एकीनंही आधी स्टेजवर काम केलेलं नव्हतं. एक दिग्दर्शक बाई आल्या आणि म्हणाल्या की माझ्याकडे नाटक नाहीये, तुमच्याकडे आहे, ते आपण मिळून शोधू. याला नाटकवाले डिव्हाइज्ड नाटक म्हणतात हे मला नंतर कळलं. आधी संहिता लिहून मग पाठांतर असं यात नसतं, लोक एकत्र बसतात, बोलतात, करून बघतात, जे खरं वाटतं ते ठेवतात आणि बाकीचं सोडून देतात, असं करत करत नाटक उभं राहतं. आपल्याकडे 'नाटक बसवलं' म्हणतात ना, अगदी तसंच, फक्त बसवायच्या आधी ते कागदावर कुठेच नसतं.

पहिले तीन आठवडे तर नुसतं गोल बसून बोलणंच चाललं होतं. मोबाईल मधे ठेवायचा रेकॉर्डिंगला. पण बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या ज्या काकी होत्या त्या काही बोलायच्याच नाहीत. "मला बोलाय येत न्हाई बाई, तुम्ही बोला, मी ऐकती." मग एक दिवस बाईंनी सांगितलं की आज कुणीच बोलायचं नाही, दिवसभर तुमचे हात काय करतात तेवढं करून दाखवा. सगळ्यांनी पोळ्या लाटल्या, भांडी घासली, टायपिंग केलं. काकी खाली मांडी घालून बसल्या आणि समोर काहीच नसताना बेदाणा निवडायला लागल्या. काडी इकडे, काळा दाणा तिकडे, चांगला पुढे. हात इतके भराभर चालत होते की आम्हाला समोर ढीग दिसायला लागला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, आम्ही आपापलं थांबवून त्यांच्याकडे बघत बसलो आणि मग हात तसेच चालू ठेवून काकी बोलायला लागल्या. सतराव्या वर्षी लग्न, सासूनं पहिल्याच आठवड्यात शेडवर नेलं ते, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी परत ढिगाशी बसल्या ते, पहिल्या मजुरीचे पैसे कुणाच्या हातात गेले ते. हात थांबले की त्यांचं बोलणं थांबायचं आणि हात सुरू झाले की परत बोलणं सुरू. आमच्या नाटकाचा पहिला प्रवेश तोच आहे. तो कुणी लिहिला? तुम्हीच सांगा.

दुसरा एक प्रवेश ओटीपीचा आहे. गप्पा मारता मारता लक्षात आलं की अकरापैकी आठ जणींच्या गॅसला, बँकेला, आधारला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे. लाडकी बहीणचे दीड हजार खात्यावर आले की नाही ते सुद्धा दुसऱ्याच्या फोनवर बघायचं. तर त्या प्रवेशात एक बाई आपल्याच घरात, आपल्याच पैशासाठी, आपल्याच कागदपत्रासाठी फिरतेय आणि दर वेळी विचारतेय, "ओटीपी आला का हो?" मागून आम्ही सगळ्या कोरसमधे तेच म्हणतो, आधी हळू, मग मोठ्यानं. प्रेक्षक हसतात, खूप हसतात, आणि मग एका जागी एकदम गप्प होतात. तो दर प्रयोगात गप्प व्हायचा क्षण नेमका कुठे येतो हे शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले. ज्यांना वाटतं की बायका नुसत्या स्टेजवर येऊन रडगाणं सांगतात त्यांना माझी विनंती आहे की एकदा तालमीला येऊन बसा. कुठे थांबायचं, कुठे पाठ फिरवायची, कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी द्यायचं, यावर आम्ही जितक्या भांडलो तितक्या घरी कधी भांडलो नसू.

कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या नाटकात एकही बाई स्वतःची गोष्ट स्वतः सांगत नाही. नर्सची गोष्ट कॉलेजची मुलगी करते, माझी अंगणवाडी ताई करतात. एकट्या काकींचे हात तेवढे काकींचे आहेत, त्यांचं बोलणं मात्र मागून दुसरी बोलते. हे आम्ही मुद्दाम ठरवलं, कारण सांगली काही फार मोठं गाव नाही, पहिल्या रांगेत कुणाचा दीर बसलेला असतो, कुणाचे शेजारी. गोष्ट सगळ्यांची होऊन जाते आणि जिची आहे ती सुरक्षित राहते. शिवाय एक नियम होता, तो पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता, की दिलेली गोष्ट कुणालाही कधीही परत घेता येईल आणि का ते कुणी विचारायचं नाही. प्रयोगाच्या दोन दिवस आधी एकीनं खरंच घेतली परत. दहा मिनिटांचा प्रवेश होता, आमचा सगळ्यात चांगला प्रवेश होता. त्या रात्री साडेअकरापर्यंत थांबून आम्ही ती जागा भरली, २०१९ च्या पुराच्या आठवणीतून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा कुणी घरातून काय उचललं एवढंच एकेकीनं सांगायचं. एकीनं रेशनकार्ड उचललं होतं, एकीनं मुलीचं दहावीचं मार्कलिस्ट, आणि एकीनं पिठाचा डबा, कारण आदल्याच दिवशी दळण आणलं होतं आणि दुसरं काही सुचलंच नाही म्हणाली.

आता मूळ तक्रारीवर येते. हे नाटक एका स्पर्धेत द्यायचं असं आम्ही ठरवलं होतं. फॉर्ममधे लेखकाचं नाव असा एक रकाना, सोबत लेखकाचं संमतीपत्र आणि महिनाभर आधी संहितेच्या प्रती. आम्ही रकान्यात अकरा नावं लिहिली, ती बसेनात म्हणून मागे कागद जोडला. फॉर्म परत आला. एकच नाव द्या. बरं मग दिग्दर्शक बाईंचं टाका असं तिथल्याच एकांनी चांगल्या मनानं सुचवलं, पण बाई ठाम राहिल्या की मी यातलं एक वाक्य लिहिलेलं नाही, मी सही करणार नाही. संहितेचंही तेच. महिनाभर आधी जी संहिता देणार ती प्रयोगाला तशीच ठेवावी लागणार, मग जिला गोष्ट परत घ्यायचीय तिनं काय करायचं? कागदावर तिचं आयुष्य आधीच जमा झालेलं. आम्ही फॉर्म भरला नाही आणि एका शाळेच्या हॉलमधे स्वतः वर्गणी काढून प्रयोग केला. त्या शाळेचे उपकार आहेत, त्यांनी भाडं घेतलं नाही.

नियम म्हणजे नियम असं मला अनेकांनी सांगितलं. पण हे सगळं सांगलीत घडावं याचं मला फार वाईट वाटतं. आपण या गावाला नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' केलं, तो दिवस ५ नोव्हेंबर, आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या नाटकाला आजच्या अर्थानं संहिता होती का? भाव्यांनी पदं रचली होती, सूत्रधार ती म्हणायचा, आणि मधलं बोलणं पात्रं आपल्या मनानं, उत्स्फूर्त करायची. संवाद लिहून, पाठ करून करायची नाटकं मागून आली आणि त्यांना लोकांनी वेगळं नाव दिलं, 'बुकिश' नाटकं. म्हणजे ज्या प्रयोगापासून आपण मराठी रंगभूमी मोजतो तो आज त्या फॉर्मवर बसणार नाही. हे मी आमच्या बँकेतल्या एका नाटकवेड्या साहेबांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच बसले आणि मग म्हणाले, बरोबर आहे तुमचं, पण आता काय करणार.

आणि बायकांचं म्हणाल तर आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून लाखानं ओव्या केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या संशोधकांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत, सासर, माहेर, भाऊ, मार, भूक, विठ्ठल सगळं त्यात आहे. एकीनं एक ओळ म्हणायची, समोरचीनं दुसरी जोडायची, तिसऱ्या गावात तिसरीनं नाव बदलून तीच आपली करायची. तिथे लेखकाचा रकाना कुणी मागितला नाही. आमचं नाटक त्याच जात्यावरचं आहे असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजात असताना मी 'मुलगी झाली हो' हे नाटक बघितलं होतं. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ पासून केलेलं, त्याचे हजारांच्या वर प्रयोग झाले. त्याला लेखिका होती, पण काम करणाऱ्या सगळ्या तुमच्याआमच्यासारख्या होत्या, साध्या साड्यांत, नेपथ्य नाही, काही नाही. आपल्यासारख्या बाईनं तिथे उभं राहिलेलं चालतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि मग तिथे उभं राहायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. नाटकवाल्या सुषमा देशपांडे यांनी तमाशातल्या बायकांशी गावोगाव बोलून 'तिच्या आईची गोष्ट' उभं केलं तेही याच वाटेवरचं. म्हणजे हे काही आम्ही परदेशातून उचलून आणलेलं फॅड नाही, महाराष्ट्रात हे बायका कधीपासून करतायत.

अजून एक गोष्ट, ती एकट्या स्पर्धांची नाही. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. अमोल पालेकर २०१६ मधे याविरुद्ध हायकोर्टात गेले होते. त्यावर तुमच्या पेपरात चर्चा होते तेव्हा ती नेहमी मोठ्या नाटकांची, वादाच्या विषयांची होते. पण जे नाटक दर प्रयोगाला थोडं बदलतं, कारण ते करणाऱ्या बायकांचं आयुष्य मधल्या काळात बदललेलं असतं, त्यांनी कुठली संहिता पाठवायची, यावर कुणीच बोलत नाही. आमच्या नर्स ताईंची बदली झाली तर त्यांचा पूर्ण प्रवेश बदलला, आता त्यात एसटीचा दीड तास आलाय.

म्हणून माझं स्पर्धा घेणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे की फॉर्मवर लेखकाच्या शेजारी 'गटनिर्मिती' असा एक रकाना टाका, अकरा जणींच्या सह्या घ्या, आम्ही द्यायला तयार आहोत. संहितेऐवजी प्रवेशांचा आराखडा मागा आणि प्रयोगाच्या दिवशी शेवटची प्रत घ्या. परीक्षकांना अवघड जाईल हे मान्य, पण संगीत नाटकाला आणि बालनाट्याला वेगळे निकष करता येतात तर यालाही करता येतील. आणि लेखनाचं बक्षीस द्यायचं झालं तर अकरा जणींत वाटून द्या, चारशे-पाचशे रुपये आले तरी चालतील, काकींनी ते स्वतःच्या खात्यावर घ्यायचं ठरवलंय. खातं त्यांनी प्रयोगानंतर तिसऱ्या दिवशी उघडलं, मी सोबत गेले होते, मोबाईल नंबर स्वतःचा दिला.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत नाटकावर जे लिहितात ते मी वर्षानुवर्षं वाचते, मला ते आवडतं, पटलं नाही तरी आवडतं. त्यांना आमच्या पुढच्या प्रयोगाला पाठवा. आमच्याविषयी गोड लिहायची अजिबात गरज नाही. पुराचा प्रवेश लांबलाय असं माझं स्वतःचं मत आहे, शेवट अजून आम्हाला सापडलेला नाही, दोघींचे आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत. ते सगळं त्यांनी लिहावं, नाव न घेता, नाटक म्हणून लिहावं. पुढच्या महिन्यात मिरजेला प्रयोग ठरतोय, हॉल नक्की झाला की मी स्वतः ऑफिसात कार्ड आणून देते. संध्याकाळी सहाला सुरू करतो, कारण शेडवरच्या दोघींना साडेपाचशिवाय सुटी होत नाही आणि बाकीच्या जणींना आठला घरी पोचून कुकर लावायचा असतो.

आपली एक जुनी वाचक,
विश्रामबाग, सांगली