काटा हिरव्या पट्ट्यात, इंजिन मात्र उकळलेलं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या ट्रॅक्टरला बसवलेलं टेंपरेचर मीटर चुकीचं दाखवत असल्याने झालेलं नुकसान

महोदय,

माझ्या वडिलांनी १९९४ साली आपल्या कंपनीचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात आमची भातशेती आहे आणि ती आजही याच ट्रॅक्टरवर होते. इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वडील गेल्यावरही मी हा ट्रॅक्टर विकला नाही, कारण तो विश्वासाचा आहे.

या ट्रॅक्टरला मूळचं टेंपरेचर मीटर नळीचं होतं. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, बसलेला बल्ब, तिथून डॅशबोर्डपर्यंत आलेली केसासारख्या भोकाची तांब्याची नळी, आत ईथर. बल्ब तापला की आतला दाब वाढतो आणि काटा सरकतो, बॅटरीचा संबंधच नाही. तीस वर्षं बॉनेटच्या कडेला घासून ती नळी मे महिन्यात तुटली आणि काटा थंडवर पडून राहिला. अशी नळी जोडून चालत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी गावच्या गॅरेजला न देता ट्रॅक्टर कल्याणच्या आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. तिथे सांगितलं की नळीचं मीटर आता येत नाही, इलेक्ट्रिक बसवून देतो, 'कंपनीचाच माल आहे, काही काळजी करू नका.' मी २,८५० रुपये भरून ते बसवून घेतलं. जुनं मीटर परत मागितलं तर ते भंगारात गेल्याचं कळलं. वडिलांच्या हातची वस्तू होती ती, मला न विचारता टाकायला नको होती.

४ जुलैला चिखलणी, म्हणजे लावणीआधी शेतात चिखल करणं, चालू होती. केजव्हील, म्हणजे चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाकं, लावलेली, चिखल गुडघाभर, इंजिनवर पूर्ण जोर. मी दर दोन फेऱ्यांनी मीटर बघत होतो. काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध होता आणि तेव्हाच बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी लगेच इंजिन बंद केलं, तरी उशीर झाला होता. गार झाल्यावर चालू केलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि डिपस्टिकवर ऑइल दुधाळ. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनामधली पट्टी, उडालं होतं. हेड फेस करणं, म्हणजे घासून सपाट करणं, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी मिळून ११,४०० रुपये गेले.

रेडिएटरच्या जाळीत गवत आणि चिखल बसला होता, हे मी मान्य करतो. चिखलणीत ते होतंच, आणि म्हणूनच ट्रॅक्टरला मीटर असतं. काटा वर चढायला लागला की आम्ही थांबतो, जाळी साफ करतो, पाणी बघतो. इंजिन तापलं याची तक्रार मी आपल्याकडे करत नाही. ते तापत असताना मीटरने ठीक आहे म्हणून सांगितलं, याची करतो. मीटर बंद असतं तर मी दर अर्ध्या तासाला उतरून हात लावून बघितलं असतं. नवीन मीटर होतं म्हणून उतरलो नाही.

आपल्या सेंटरवर सांगितल्यावर 'पाण्याकडे तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं' एवढंच उत्तर मिळालं. म्हणून मी घरीच तपासणी केली. नवीन मीटरसाठी इंजिनात बसवलेला, उष्णता मोजणारा सेन्सर काढला तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं आणि टेपने ते अडतं, हे आपल्या मेकॅनिकला ठाऊक असायला हवं. टेप काढून, सेन्सरला बॉडीची वेगळी वायर जोडून मी तो पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरला. म्हणजे १०० अंशाच्या आसपास. काटा हिरव्याच्या मध्याच्या वर गेला नाही. मग सेन्सरची वायर क्षणभर बॉडीला टेकवली, तेव्हा काटा थेट उजव्या टोकाला गेला. म्हणजे वायर चांगली, मीटरही जिवंत. सेन्सर त्या मीटरचा नाही. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, आणि मीटर एका ठरावीक रेझिस्टन्सच्या हिशोबाने बनवलेलं असतं. आटे जुळले म्हणून माप जुळत नाही. एकाने पायलीने मोजलं आणि दुसऱ्याने तो आकडा शेराचा समजला, तसं हे झालं आहे. शेजारचं ऑइल प्रेशरचं मीटर १९९४ चंच आहे आणि ते आजही बरोबर चालतं.

पैशापेक्षा हंगामाचं नुकसान जास्त आहे. भाताचं रोप २४ दिवसांचं झालं होतं. भाड्याचा ट्रॅक्टर मिळायला सहा दिवस गेले, कारण त्या आठवड्यात सगळ्यांचीच चिखलणी असते. रोप जास्त दिवसांचं झालं की लावल्यावर फुटवे कमी येतात, ते कुठल्याही बिलात दाखवता येत नाही.

मला मीटर आणि सेन्सर एकमेकांना जुळणारे हवे आहेत, आणि बसवण्याआधी माझ्यासमोर गरम पाण्यात तपासून. या तपासणीला दहा मिनिटं लागतात. दुरुस्तीचे ११,४०० आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचे ७,२०० रुपये परत मिळावेत. आणि याच सेंटरने ज्या ज्या जुन्या ट्रॅक्टरला हे मीटर बसवलं, त्या सगळ्यांना फोन करून ते तपासून द्यावं. आमच्या भागात असे जुने ट्रॅक्टर बरेच आहेत, आणि त्यांचे मालक माझ्यासारखेच काट्यावर भरवसा ठेवून शेतात उतरले असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवणार आहे. जॉबकार्ड, दोन्ही बिलं आणि उकळत्या पाण्याच्या तपासणीचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. काढलेला सेन्सर टेपसकट माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपला माणूस आला की दाखवेन, पण पोचपावतीशिवाय हातात देणार नाही.

आपला,
१९९४ पासूनचा ग्राहक
ता. मुरबाड, जि. ठाणे