बाहेर जा, पण सांगून जा

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय भावा,

"तिचा आवाज चढला की माझं डोकंच बंद पडतं, मग गाडीची किल्ली घेऊन मी बाहेर," असं तू परवा फोनवर म्हणालास. वहिनी शेजारीच होत्या, म्हणून बोललो नाही. आता लिहितो.

लेका, तू पळपुटा नाहीस. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोक्याचा नुसता वास आला तरी तो विचार व्हायच्या आधीच अंगाला कामाला लावतो. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. 'लढा नाहीतर पळा' ही शरीराची तयारी वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९१५ सालीच मांडली होती. समोर साप आहे की बायको, हे त्या घाईत कळत नाही, एवढीच अडचण. (हे वाक्य वहिनींना दाखवू नकोस!) त्यात तुझ्या घरी आबांचा आवाज चढला की पुढं काय व्हायचं, ते मी बघितलंय. तू माळ्यावर, गव्हाच्या पोत्यांमागं. अंगाला ते अजून आठवतं, तुला आठवो न आठवो.

जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञानं नवरा-बायकोंना प्रयोगशाळेत बसवून, वादाच्या विषयावर बोलतं करून त्यांची नाडी मोजली. त्याचं म्हणणं, ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की समोरच्याचं ऐकू येतं, पण डोक्यात शिरत नाही. उतरायला निदान २० मिनिटं लागतात. तीही मनात तेच भांडण उगाळलं नाही तर.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आपल्याकडं शहाणा माणूस ३९ लाच जनावरं हलवतो. तुझी ३९ कुठली, ते तू शोध. मला वाटतं, तू कानाची पाळी चोळायला लागतोस, तीच. तेव्हाच थांब, श्वास हळूहळू सोड. आत घेतोस त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव.

आणि बाहेर जायचंच तर सांगून जा. "मला आता सुचत नाहीये, अर्ध्या तासात येतो, मग बोलू," एवढंच. आणि ये. तुला आवाजाची भीती, तशी वहिनींना तुझ्या बंद फोनची. तू न सांगता गेलास की त्या आणखी घाबरतात, म्हणून दारापर्यंत मागं येऊन आणखी जोरात बोलतात. तू आणखी जोरात पळतोस. यात कोण बरोबर, हे शोधत बसलात तर म्हातारे व्हाल.

हे ऐन भांडणात सांगायला जाऊ नकोस, त्या आणखी चिडतील. एखाद्या निवांत संध्याकाळी काढ विषय. अर्धा तास त्यांना फार वाटला तर किती चालेल, ते त्यांनाच ठरवू दे. त्या वेळात फोन मात्र चालू ठेव.

तुझाच,
बाळ्या