पहिली निवड फलंदाजाचीच हवी

महोदय,

‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या फासे आणि खऱ्या खेळाडूंची कार्डे घेऊन खेळायच्या अमेरिकी बेसबॉल बैठ्या खेळात १९६८च्या हंगामातील खेळाडूंमधून संघ निवडताना नऊ डावांमागे अवघ्या १.१२ अर्जित (क्षेत्ररक्षकांच्या चुकांविना झालेल्या) धावा देणाऱ्या बॉब गिब्सन या पिचरवर (चेंडू फेकणाऱ्यावर) झडप घालण्याचा मोह होतो. माझ्या मते तो आवरावा. एका फाशावर १ ते ३ पडले की फलंदाजाचे कार्ड वाचले जाते, ४ ते ६ पडले तरच पिचरचे. शिवाय फलंदाज रोज खेळतो, पिचर चार-पाच दिवसांनी. त्या वर्षी उत्तम पिचर उदंड होते, दुष्काळ होता तो फलंदाजांचा: अमेरिकन लीग या प्रमुख साखळीत कार्ल यस्त्रेम्स्की केवळ ०.३०१ फलंदाजी सरासरीवर (दहा संधींत सुमारे तीन यशस्वी फटके) अव्वल ठरला आणि फलंदाजांना साथ म्हणून १९६९मध्ये पिचर ज्यावरून चेंडू फेकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. म्हणून आधी यस्त्रेम्स्की, मग भक्कम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). आपल्या क्रीडा पुरवणीने या अभ्यासू छंदाची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे