पॉइंट टू-टूवरची दुर्बीण: आकडा नको, अंतर पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेला, महाविद्यालयाला किंवा क्लबला सरावाच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंच गोळीच्या) रायफलसाठी दुर्बीण घ्यायची असली, की खरेदी समितीपुढे पहिला प्रश्न येतो, ‘किती पॉवरची?’, म्हणजे किती पट मोठं दाखवणारी, आणि समोर ठेवलेल्या दरपत्रकांतला सगळ्यात मोठा आकडा पसंत पडतो. बोअरला दीड इंच पाणी आणि वर साडेसात एचपीची मोटार, असा हा प्रकार आहे. पैसे जातात आणि मुलाचा नेमही बिघडतो. म्हणून हे पत्र.

रिमफायर (काठावर पिन आदळून पेटणारं काडतूस, पॉइंट टू-टू त्यातलंच) सरावाचं अंतर २५ ते ५० मीटर. एवढ्या अंतराला चार पॉवर पुरेशी असते, सातच्या वर जायचं कारण नाही. नवशिक्याच्या हातातली रायफल हलतेच. बारा पॉवरमध्ये ते हलणं बारापट दिसतं, मूल घाबरतं आणि फुली (दुर्बिणीतल्या नेमाच्या आडव्या-उभ्या तारा) मध्यावरून सरकताना दिसली की ‘आत्ताच!’ म्हणून चाप झटक्यात ओढतं. गोळी खाली नाहीतर बाजूला जाते. चार पॉवरवर तीच थरथर सहन होण्याइतकी दिसते आणि चाप हळूहळू दाबायला धीर मिळतो. शिवाय बारा पॉवरला ५० मीटरवर जेमतेम दीड मीटर रुंदीचा भाग दिसतो, चार पॉवरला साधारण साडेचार मीटर. रायफल खांद्याला लावल्यावर आपलं टार्गेट पटकन सापडणं आणि शेजारच्याच्या टार्गेटवर गोळी न जाणं, दोन्ही यावर अवलंबून आहे.

आता खरी मेख. बाजारात एक ते चार किंवा एक ते सहा पॉवरच्या ज्या दुर्बिणी मिळतात, त्या बहुतेक मोठ्या काडतुसाच्या रायफलींसाठी बनलेल्या असतात. त्यांचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० यार्डांवर बसवलेला असतो. म्हणजे १०० यार्डांवरच्या टार्गेटची प्रतिमा आणि आतली फुली एका पातळीत येतात. त्याहून जवळ पाहिलं तर डोळा किंचित सरकला तरी फुली टार्गेटवरून सरकते, रायफल तसूभरही हललेली नसताना. ही चूक जास्तीत जास्त किती होईल, ते सोप्या हिशेबाने काढता येतं. पुढच्या भिंगाचा निम्मा व्यास घ्या. टार्गेटचं अंतर आणि पॅरॅलॅक्सचं अंतर यांतल्या फरकाने त्याला गुणा आणि पॅरॅलॅक्सच्या अंतराने भागा. २४ मिलिमीटरचं भिंग, पॅरॅलॅक्स १०० मीटरला आणि टार्गेट ५० मीटरवर असेल, तर उत्तर ६ मिलिमीटर. भिंग ४० मिलिमीटरचं असेल तर १० मिलिमीटर. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवायची सवय मुलाला अजून लागलेली नसते, आणि ही चूक नेमकी त्यालाच भोवते. प्रशिक्षक मात्र श्वास आणि चाप यांत दोष शोधत बसतो.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न पॉवरचा न विचारता ‘पॅरॅलॅक्स किती अंतराला?’ हा विचारावा. रिमफायरसाठी म्हणून बनलेली दोन ते सात पॉवर, ३२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सहसा ५० यार्डांना बसवलेली असते. आमच्या मते सरावाच्या रायफलला तीच सगळ्यात चांगली. पैसे कमी असतील तर रिमफायरची स्थिर चार पॉवर घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पुढच्या भिंगाची कडी फिरवून अंतर बदलता येत असेल तर उत्तमच, फक्त त्या कडीवर २५ मीटरची खूण हवी.

खात्री घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रिकामी रायफल, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून, वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवा आणि ५० मीटरवर काळा ठिपका लावा. रायफलला हात न लावता मागून डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली ठिपक्यावर स्थिर राहिली तर पॅरॅलॅक्स ठीक, ठिपका सोडून पळाली तर दुर्बीण परत. याच बैठकीत क्लिकही, म्हणजे फुली सरकवणाऱ्या बटणाचे टप्पे, तपासता येतात. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर सरकवतो. तिथे मिलिमीटरचा आलेख कागद चिकटवून ४० क्लिक उजवीकडे द्या, फुली सुमारे ७३ मिलिमीटर सरकली पाहिजे. मग ४० वर, ४० डावीकडे, ४० खाली. चौकोन पूर्ण होऊन फुली पहिल्याच रेषेवर आली नाही तर आतली स्प्रिंग कमजोर आहे. अशी दुर्बीण रोज सकाळी वेगळीच झिरो (फुली जिथे, गोळी तिथे अशी जुळणी) दाखवेल. अर्ध्या मिनिटाचे क्लिक घेऊ नका. ५० मीटरवर एका क्लिकला ७ मिलिमीटर उडी म्हणजे दहाच्या वर्तुळासाठी फारच जाड काम.

फुली साधी असावी. गोळी किती खाली पडेल ते दाखवणाऱ्या टिंबांच्या फुल्या बहुधा वेगवान काडतुसांसाठी आखलेल्या असतात. पॉइंट टू-टूची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. ५० मीटरला झिरो केली तर २५ मीटरवर सेंटीमीटरभर वर लागते आणि १०० मीटरवर वीतभर खाली जाते. त्या टिंबांचा आणि हिचा काही संबंध नाही. लाल दिव्याची फुली दिवसाच्या रेंजवर कशाला हवी? सेल तेवढे बदलत बसावे लागतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुर्बीण बसवताना. बऱ्याच पॉइंट टू-टू रायफलींवर दुर्बीण बसवायला ११ मिलिमीटरची डोव्हटेल खाच असते, आणि दुर्बिणीसोबत येणाऱ्या, तिला धरणाऱ्या कड्या मोठ्या पिकॅटिनी रेलच्या (खाचांच्या रुंद पट्टीच्या) असतात. दुर्बिणीचं नळकांडं एक इंची असतं आणि कड्या ३० मिलिमीटरच्या निघतात. मग मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून आवळतात. रबर दबतं, उन्हाने सैल पडतं आणि आठवड्यात नेम भटकतो. योग्य कड्याच मागवा. कडीचे स्क्रू एकदम न आवळता आलटूनपालटून थोडे थोडे फिरवा आणि १.७ ते २ न्यूटन-मीटरवर थांबा, नाहीतर नळकांडं चेपतं आणि पॉवरची कडी अडकते.

पूर्ण आवळण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, मुलाला डोळे मिटून गाल टेकवायला सांगा. डोळे उघडताच कडेला काळी सावली न दिसता पूर्ण गोल दिसला पाहिजे. तसा दिसेपर्यंत दुर्बीण पुढे-मागे सरकवा. डोळा आणि भिंग यांत साधारण आठ ते दहा सेंटीमीटर अंतर येतं. दुसरी, फुली सरळ आहे का. यासाठी गवंड्याचा ओळंबा २५ मीटरवर वारा लागणार नाही असा टांगा, रायफल सपाट ठेवा आणि फुलीची उभी तार ओळंब्याच्या दोरीवर तंतोतंत बसवा. रायफल पाच अंश जरी कलली तरी ५० मीटरवर गोळी सुमारे सेंटीमीटरभर बाजूला जाते. वाकडी बसवलेली फुली सरळ दिसावी म्हणून मूल रायफलच तिरपी धरायला शिकतं, आणि ती सवय पुढे लवकर सुटत नाही.

झिरो करताना बोल्ट काढून नळीतून टार्गेट पाहा आणि फुली तिथे आणा. मग २५ मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका). ग्रुपच्या मध्यापासून क्लिक मोजा, एकट्या गोळीमागे धावू नका. त्यानंतर ५० मीटर. नळी साफ केलेली असेल तर आधीच्या पाच-दहा गोळ्या मोजणीत धरू नका. काडतुसं एकाच लॉटची घ्या. लॉट बदलला की झिरो पुन्हा तपासावी लागते.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी नऊनंतर काळ्या जमिनीवरून वाफ उठते आणि टार्गेट पाण्यात तरंगल्यासारखं दिसतं. पॉवर वाढवली की ते आणखी हलतं, म्हणून झिरो सकाळी लवकर करा. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. धूळ तशीच ठेवून रुमालाने पुसलं तर आपल्या मातीतली बारीक रेव भिंगावरचा लेप खरवडते.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी बजावावी. दुर्बीण रायफलवर आहे, तेव्हा तिच्यातून इकडेतिकडे पाहायचं नाही. जिकडे दुर्बीण, तिकडे नळी. पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते आणि आपल्या बहुतेक रेंजच्या मागे शेतं आहेत. रिकाम्या रायफलवर चापाचा सराव करतानाही चेंबरमध्ये वापरलेलं काडतूस किंवा प्लास्टिकची डमी घाला, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आदळून काठ आणि पिन दोन्ही खराब होतात.

आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मीटर रायफलला दुर्बीण चालत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्यपदक जिंकलं ते पीप साइटवर (बारीक भोकातून पाहायच्या, मोठं न दाखवणाऱ्या नेमावर). तेव्हा सरावात दुर्बिणीचा उपयोग एवढाच, की चाप ओढताना नेमकं काय बिघडतं ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं. ५० मीटरवर पडून मारलेले पाच गोळ्यांचे ग्रुप सलग काही दिवस रुपयाच्या नाण्याएवढे यायला लागले, की दुर्बीण काढून पीप साइट चढवावी, आणि तीच दुर्बीण पुढच्या नवशिक्याच्या रायफलवर ओळंबा लावून नव्याने बसवावी.

आपले,
नेमबाजी मार्गदर्शक, परभणी