पक्या, तुझ्या एसटीपीला नवा फिल्टर नको, आधी ब्लोअर चालू ठेव

सोलापूर

प्रिय पक्या,

काय बे, सोसायटीचा सेक्रेटरी झालास आणि पहिल्याच महिन्यात संडासाचं पाणी गळ्यात पडलं म्हणायचं. तुझा लांबलचक मेसेज वाचला, कोटेशनची पीडीएफ पण बघितली. फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच "ते सगळं जाऊ दे, घ्यायचा का नाही तेवढं बोल" म्हणणार, म्हणून लिहूनच काढतो. तर तो नवा फिल्टर घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नको. तुमच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटमधून, फ्लशला पिवळं पाणी येतंय आणि वास मारतोय, एवढ्यावरून त्या व्हेंडरने अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्याचा (मेंब्रेनचा) फिल्टर, गळ्यात मारायला काढलंय. चांगली वस्तू आहे ती, पण तुझा आजार वेगळा आहे.

आता नीट ऐक. आमच्याकडे शहराच्या प्लांटला सांडपाणी येतं ना, त्यात 99.9 टक्के पाणीच असतं, घाण म्हणशील तर उरलेल्या चिमूटभरात. सगळ्यात आधी जाळ्या लागतात, त्यात पिशव्या, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, काय वाट्टेल ते अडकतं, मग ग्रिट चेंबरमध्ये वाळू-खडी खाली बसते. ही झाली ढोबळ गाळणी. खरं काम त्याच्या पुढं आहे, तिथं गाळणं वगैरे काही नाही, टाकीत ब्लोअरनं हवा सोडायची आणि जिवाणूंना घाण खाऊ घालायची, मग ते जिवाणू एकमेकांना चिकटून खाली बसतात आणि वरचं निवळ पाणी पुढं जातं. एवढं होऊन पण त्या पाण्यात लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम बारीक गाळ तरंगत राहतोच. फिल्टरचा नंबर इथं लागतो, शेवटी. त्याच्या वाट्याला फक्त हा उरलासुरला गाळ यायला पाहिजे, मागचं सगळं बिघडलेलं असताना त्याच्यावर भार टाकला तर तो बिचारा दोन तासात चोक होतो.

वाळूचा फिल्टर कसा चालतो हे मला अजून पण भारी वाटतं. लोकांना वाटतं पिठाच्या चाळणीसारखं असेल, भोकापेक्षा मोठं ते वर राहिलं. तसं नाही बे. वाळूचा कण अर्धा ते एक मिलिमीटरचा, दोन कणांमधली फट त्यामानाने चांगली मोठी, आणि अडकतं काय तर काही मायक्रॉनचा गाळ. तो वाकड्यातिकड्या वाटेनं जाता जाता वाळूला धडकतो आणि चिकटून बसतो. चिकटावा म्हणून आधी थोडी तुरटी नाहीतर पॅक नावाचं तसंच केमिकल टाकतात, बारीक कण एकत्र येऊन गोळे होतात. पण नुसती वाळू असली तर वरच्या दोन-चार इंचातच सगळं गच्च होतं, खालची वाळू रिकामी. म्हणून वर अँथ्रासाइटचा थर देतात, म्हणजे दगडी कोळशाचाच कडक प्रकार, कण वाळूपेक्षा जाड. जाड गाळ वर अडकतो, बारीक खाली, पूर्ण खोली वापरली जाते. आणि गंमत पुढं आहे: फिल्टर धुताना खालून वर जोरात पाणी सोडतात, सगळा थर उचलून ढवळला जातो, तरी पाणी बंद केलं की अँथ्रासाइट आपोआप परत वर आणि वाळू खाली, कारण अँथ्रासाइट वाळूपेक्षा बरंच हलकं. कोणी हात लावायची गरज नाही. ज्याला हे सुचलं त्याच्या पाया पडावं वाटतं.

हे धुणं म्हणजे बॅकवॉश, आणि सगळे फिल्टर मरतात ते इथंच. आत जाताना आणि बाहेर येताना प्रेशर गेज असतो, दोघांत अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर फरक पडायला लागला की धुवायचं, आधी हवा मारायची मग पाणी, दहा-पंधरा मिनिटं, आणि ते घाण पाणी गटारात नाही सोडायचं, परत सुरुवातीच्या टाकीत घ्यायचं. तुझ्याकडं सँड फिल्टर ऑलरेडी आहे असं तूच लिहिलंयस. शेवटचं कधी धुतला विचार जरा. गेजचा काटा हलतो का ते पण बघ, बऱ्याच सोसायट्यांत तो शून्यावर झोपलेला असतो.

आता व्हेंडरचं अल्ट्राफिल्ट्रेशन. ही मात्र खरोखरची चाळण आहे, छिद्रं 0.01 ते 0.1 मायक्रॉनची आणि जिवाणू असतो एक-दोन मायक्रॉन लांब, म्हणजे तो पलीकडं जाऊच शकत नाही, पाणी काचेसारखं दिसतं. पण विरघळलेलं सगळं आरपार जातं. क्षार जातात, अमोनिया जातो, आणि तुझा तो कुजकट वासाचा गॅस पण जातो. कळलं का? हे सगळं विरघळलेलंच असतं, म्हणजे तू लाखो रुपये घालून स्वच्छ दिसणारं आणि तसंच वास मारणारं पाणी मिळवणार. वर मेंब्रेनला शेवाळं-चिकटा धरतो, केमिकलनी धुवावं लागतं, काही वर्षांनी बदलावं लागतं, मेंटेनन्सवरून एजीएममध्ये तुझीच चटणी होणार.

जिथं पाण्याचं पुढचं गिऱ्हाईक कडक आहे तिथं हे लागतंच, तेही सांगतो. सुरतेत महापालिका 2014 पासून बामरोलीला रोज 40 एमएलडी, म्हणजे चार कोटी लिटर, सांडपाणी वाळूतून, मेंब्रेनमधून आणि आरओतून काढून पांडेसऱ्याच्या डाइंग कारखान्यांना विकते, कारण रंगाईला क्षार चालत नाहीत. हे ऐकलं की मला आपल्या टॉवेल-चादरीवाल्यांची आठवण येते, आपल्याकडं उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरवरून आणायचं आणि वापरून सोडून द्यायचं, नळ मात्र रोज येत नाही. आपल्या आहेरवाडीजवळचा एनटीपीसीचा 1320 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प पण उजनीवरच, खरं तर 2016 च्या केंद्राच्या टॅरिफ पॉलिसीत स्पष्ट आहे की 50 किलोमीटरच्या आत एसटीपी असेल तर औष्णिक वीज केंद्रानं त्याचंच पाणी वापरायचं. असो, तो विषय निघाला की मी थांबत नाही.

क्लोरीनचा डोस वाढवून पण बघितलास म्हणे, काही होणार नाही. पाणी गढूळ असेल तर जंतू गाळाच्या आड लपतात, आणि अमोनिया अर्धा क्लोरीन आधीच खाऊन टाकतो.

माझा संशय सरळ आहे, तुमचा ऑपरेटर नाहीतर कमिटीतला कोणीतरी हुशार माणूस लाइटबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करतोय. हवा बंद झाली की जिवाणू गुदमरतात, टाकी सडते, सकाळी वास. म्हणून एक काम कर. रात्री दोन वाजता खाली जा, वहिनींना सांगून जा, आणि ब्लोअरचा आवाज येतो का बघ. सकाळी एरेशन टाकीतलं, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी लिटरच्या मोजपात्रात भर, अर्धा तास हलवू नको, गाळ किती मिलिलिटरवर बसला आणि वरचं पाणी कसं दिसतं त्याचा फोटो मला पाठव. दोनशे-तीनशेच्या आसपास बसला आणि वर निवळ असेल तर जिवाणू ठीक आहेत, मग आपण फिल्टरकडं वळू. काळं पडलं असेल तर हवेचीच बोंब आहे. तुमच्या टाकीत प्लॅस्टिकच्या चकत्या तरंगतात का ते पण लिही, तसं असेल तर जिवाणू त्या चकत्यांवरच राहतात, ही टेस्ट कामाची नाही, वेगळं बघावं लागेल.

व्हेंडरला तोपर्यंत "जनरल बॉडीत ठेवतो" म्हणून टोलव, ते तुला जमतंच. दिवाळीत आलास की आमच्या प्लांटवर घेऊन जातो, नाक मुरडलंस तर शेंगाचटणी मिळणार नाही सांगून ठेवतो. काकांची शुगर कशी आहे ते कळव.

तुझाच,
बंड्या